शेकोटीच्या कडेला हरवलेली अंगठी: तीव्र खनिजयुक्त जमिनीत मेटल डिटेक्टर जुळवण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका मोकळ्या, किंचित उताराच्या जमिनीवर आठ जणांचा गट संध्याकाळी शेकोटीभोवती बसला होता. थंडी असल्यामुळे बहुतेकांच्या हातात हातमोजे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यापैकी एका बाईंच्या लक्षात आले की बोटातली सोन्याची अंगठी नाही. शेकोटी पेटवताना ती बोटात असल्याचे त्यांना नक्की आठवत होते, आणि शेकोटीजवळ बसल्यावर त्यांनी हातमोजे ओढून काढले होते. अंगठी पातळ, सपाट कड्याची, खडा नसलेली आणि वजनाला अडीच ग्रॅमच्या आसपास होती. ती हरवण्याची जागा साधारण दहा मीटर लांबीरुंदीच्या चौकोनात सांगता येत होती. हरवलेल्या वस्तूंच्या शोधात इतकी नेमकी माहिती क्वचितच मिळते, त्यामुळे काम तासाभराचे आहे असेच सगळ्यांना वाटले.

जमीन मात्र साधी नव्हती. खाली ज्वालामुखीचा काळा खडक होता आणि वरची माती त्याच खडकाची झीज होऊन तयार झालेली, काळपट, मध्येच तांबूस झाक असलेली होती. अशा मातीत लोहाची खनिजे मुबलक असतात, आणि त्यांतली काही चुंबकीय असतात. जमिनीच्या मालकांनी शोधाला परवानगी देताना दोन अटी घातल्या होत्या: खोदकाम हातानेच करायचे आणि प्रत्येक खड्डा त्याच दिवशी बुजवायचा. पुढच्या सगळ्या निर्णयांवर या अटींचा परिणाम झाला.

पहिला प्रयत्न

गटातल्या एकाकडे स्वतःचा डिटेक्टर होता. बागा, मैदाने आणि वाळूच्या जागा यांवर तो तीन वर्षे वापरलेला, म्हणजे हात बसलेला माणूस. यंत्र एकाच फ्रिक्वेन्सीवर, सुमारे १३ किलोहर्ट्झवर चालणारे, व्हीएलएफ म्हणजे अतिशय कमी फ्रिक्वेन्सीच्या प्रकारचे होते आणि त्याला २८ सेंटिमीटरची डबल-डी कॉइल, म्हणजे इंग्रजी डी आकाराची दोन वेटोळी असलेली, जमिनीवरून फिरवायची चकती लावलेली होती. त्यांनी नेहमीची मांडणी ठेवली: सेन्सिटिव्हिटी १०० पैकी ९०, लोखंड गाळणारे डिस्क्रिमिनेशन चालू, ग्राउंड बॅलन्स (मातीचा प्रतिसाद वजा करणारी सोय) कारखान्यातून आलेल्या स्थितीत.

पहिल्या पावलापासून यंत्र बडबडायला लागले. ती बडबड थांबावी म्हणून त्यांनी आधी ऑटोमॅटिक ग्राउंड ट्रॅकिंग, म्हणजे जमीन बदलेल तसा ग्राउंड बॅलन्स यंत्राने आपोआप बदलणे, सुरू केले आणि मग डिस्क्रिमिनेशन पायरी-पायरीने वाढवत नेले. यंत्र शांत झाले. त्या शांततेचा अर्थ त्यांनी जमीन आता काबूत आली असा लावला, आणि तो स्वाभाविक होता, कारण त्यांच्या नेहमीच्या जमिनीवर तो अर्थ बरोबर ठरत असे. दिवसभरात त्यांनी चाळीसच्या आसपास खड्डे केले. हाती लागले ते गंजलेले खिळे, तंबूची एक खुंटी, बाटलीची झाकणे आणि बरेचसे दगड. अंगठी मिळाली नाही. संध्याकाळी मला विचारणा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून मी या शोधात आलो.

अशी माती यंत्राला का फसवते

पुढचे निर्णय कळण्यासाठी इथे थोडे थांबणे गरजेचे आहे. व्हीएलएफ यंत्राची कॉइल सतत बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते. त्या क्षेत्रामुळे धातूत गोल फिरणारे भोवरा प्रवाह तयार होतात, त्यांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र परत येते, आणि पाठवलेल्या लहरीच्या तुलनेत ते किती मागे पडले आहे, म्हणजे त्याची फेज किती सरकली आहे, यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते. जमिनीतले मॅग्नेटाइटसारखे चुंबकीय लोहखनिज वीज फारशी वाहून नेत नाही, पण चुंबकीय क्षेत्र स्वतःकडे ओढून घेते आणि जवळजवळ तात्काळ परत देते. त्याचा प्रतिसाद लहान अंगठीच्या प्रतिसादापेक्षा शेकडो पटींनी मोठा असू शकतो. त्याची फेज ठरावीक असते म्हणूनच तो वजा करता येतो, आणि या वजाबाकीलाच ग्राउंड बॅलन्स म्हणतात.

खरी गुंतागुंत मॅगेमाइट या दुसऱ्या चुंबकीय लोहखनिजाच्या अतिसूक्ष्म कणांमुळे होते. हे कण चुंबकीय होतात तेही किंचित उशिरा आणि सोडतात तेही किंचित उशिरा. त्यामुळे त्यांची फेज मॅग्नेटाइटच्या फेजपासून सरकते आणि धातूच्या दिशेला झुकते. एकाच शेतात एका जागी मॅग्नेटाइट जास्त आणि चार पावलांवर हे सूक्ष्म कण जास्त असतील, तर एका जागी केलेली वजाबाकी दुसऱ्या जागी चुकते. लोहयुक्त माती तापली की तिच्यातली कमी चुंबकीय खनिजे मॅग्नेटाइट आणि मॅगेमाइटमध्ये बदलतात, हे मृदाशास्त्रात जुने आणि पक्के ज्ञान आहे. भाजलेल्या विटा आणि जुन्या चुलींच्या जागा डिटेक्टरला वाजतात त्या यामुळेच. आमच्या प्रकरणात शेकोटी अगदी मध्यभागी होती. हे मला माहीत होते, आणि तरीही मी त्याला पुरेसे महत्त्व दिले नाही, ते पुढे येईलच.

या विषयाच्या इतिहासातली एक गोष्ट इथे सांगाविशी वाटते. गेरहार्ड फिशर यांना १९३७ मध्ये ज्या धातुशोधकाचे पेटंट मिळाले, त्याची कल्पना त्यांना रेडिओने दिशा शोधण्याच्या यंत्रावर काम करताना सुचली. खनिजांनी भरलेल्या खडकांच्या आसपास त्या यंत्राची दिशा चुकत असे, आणि जे खडक लहरी वाकवतात ते शोधताही येतील, असा त्यांचा तर्क होता. आज अंगठी शोधणाऱ्याला जी गोष्ट अडथळा वाटते, तिच्यापासूनच हे यंत्र सुरू झाले.

समोर असलेले पर्याय

सकाळी जागेवर पोहोचल्यावर आमच्यापुढे चार मार्ग होते आणि आम्ही प्रत्येकाचा स्वतंत्र विचार केला.

पहिला मार्ग मोठी कॉइल आणि जास्त सेन्सिटिव्हिटी असा होता. गटातल्या बहुतेकांचा कल इकडे होता, कारण अंगठी सापडत नाही म्हणजे ती खोल असणार आणि खोल पाहायचे तर ताकद वाढवायला हवी, असे सरळ वाटते. अडचण अशी की मोठी कॉइल एका वेळी जास्त माती पाहते. साध्या मातीत त्याने फरक पडत नाही. इथे मात्र यंत्राचे कान आधीच मातीच्या आवाजाने भरलेले होते, आणि ताकद वाढवली असती तर माती अंगठीच्या आधी आणि अंगठीपेक्षा जास्त वाढली असती. हा मार्ग आम्ही सोडला.

दुसरा मार्ग पल्स इंडक्शन यंत्राचा होता. असे यंत्र सतत लहर न पाठवता झटका देते, काही मायक्रोसेकंद थांबते आणि मग ऐकते. तोपर्यंत मॅग्नेटाइटचा प्रतिसाद संपलेला असतो, म्हणून खनिजयुक्त जमिनीवर त्याची ख्याती आहे. माझ्याकडे एक होते आणि मी ते आणले होते. पण पातळ अंगठीतले भोवरा प्रवाहही लवकर विझतात, तर मॅगेमाइटच्या सूक्ष्म कणांचा प्रतिसाद हळूहळू ओसरत राहतो. त्यासाठी या यंत्रावरही माती वजा करण्याची सोय वापरावी लागते, आणि त्या वजाबाकीत विशिष्ट आकाराच्या वस्तूंचा सिग्नलही कापला जातो. तशीच एक अंगठी ठेवून पाहिली, तेव्हा साध्या जागेवर हे यंत्र तिला दहा सेंटिमीटरपर्यंत पकडत होते, पण शेकोटीच्या जागेवर माती वजा केल्यावर जेमतेम चार सेंटिमीटर. शिवाय ते प्रत्येक खिळ्याला सारखेच वाजत होते, आणि खिळे किती आहेत ते आदल्या दिवशी कळलेच होते.

तिसरा मार्ग माती चाळण्याचा. हा मार्ग गरिबाचा समजला जातो, पण मला तो आजही सर्वांत खात्रीचा वाटतो. शंभर चौरस मीटरवरची आठ सेंटिमीटर माती म्हणजे आठ घनमीटर, आणि मालकांच्या अटी पाहता इतकी माती हलवणे शक्य नव्हते. तेव्हा आम्ही तो बाजूला ठेवला. संपूर्ण चौकोनाऐवजी एखादा छोटा भाग चाळावा, हा विचार त्या सकाळी कोणाच्याही मनात आला नाही.

चौथा मार्ग असा होता की आदल्या दिवशीचेच यंत्र घ्यायचे, त्याला १३ सेंटिमीटरची छोटी डबल-डी कॉइल लावायची, डिस्क्रिमिनेशन पूर्ण काढून टाकायचे, सेन्सिटिव्हिटी उतरवायची आणि ग्राउंड बॅलन्स हाताने करायचा. यात खोली कमी होणार होती आणि प्रत्येक लोखंडाचा तुकडा ऐकू येणार होता. पण अंगठी दोन दिवसांपूर्वीच पडली होती, ती खोल असण्याचे कारण नव्हते. आम्ही हा मार्ग घेतला. यंत्र तेच ठेवण्यामागे आणखी एक कारण होते: यश आले किंवा अपयश आले तरी फरक जुळवणीचा आहे की यंत्राचा, हे आम्हाला कळणार होते.

जमिनीची मोजणी

कॉइल बदलण्याआधी मी चुंबक काढला. चुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोरड्या मातीतून हात-दोन हात ओढत नेला आणि वर उचलला. पिशवीला काळ्या कणांची दाढी लोंबत होती. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढल्यावर ते कण तळहातावर पडले, बारीक, जड, शाईच्या भुकटीसारखे. शेकोटीच्या कडेची माती घेऊन तसेच केले तर दाढी आणखी दाट आली आणि कण तपकिरी, जास्त बारीक होते. या साध्या चाचणीतून चुंबकीय खनिज किती आहे ते कळते. ते उशिरा प्रतिसाद देणाऱ्या प्रकारचे आहे की नाही, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी यंत्रच लागते.

या यंत्रावर दोन वेगळी वाचने मिळतात आणि त्यांची गल्लत फार होते. एक म्हणजे ० ते ९९ असा ग्राउंड फेजचा अंक, आणि दुसरी म्हणजे खनिजाचे प्रमाण दाखवणारी पट्टी. अंक माती कोणत्या प्रकारची आहे ते सांगतो. या मोजपट्टीवर खारट ओली माती अगदी खालच्या टोकाला येते, लोहयुक्त तांबड्या-पिवळ्या मातीचे अंक साधारण ४० ते ७५ मध्ये आणि मॅग्नेटाइटचे ७५ ते ९५ मध्ये येतात. पट्टी ते खनिज किती आहे ते सांगते. ८६ हा अंक अगदी फिकट, निरुपद्रवी मातीतही येऊ शकतो आणि भयंकर मातीतही. आदल्या दिवशीच्या शोधकाने अंक पाहिला होता, तो मोठा आहे म्हणून घाबरले होते, आणि पट्टीकडे मात्र पाहिलेच नव्हते.

चौकोनाबाहेर, चार कोपऱ्यांजवळ, जिथे धातूचा आवाज नाही अशी जागा शोधून मी मोजणी केली. अंक ८५ ते ८७ आला आणि पट्टी वरच्या टोकाजवळ गेली. यंत्र बंद न करता कॉइल हळूहळू खाली आणत कोणत्या उंचीवर माती वाजायला लागते, तेही पाहिले. सेन्सिटिव्हिटी ९० असताना कॉइल जमिनीपासून हातभर वर असतानाच आवाज सुरू होत होता. सुरुंग काढण्याच्या कामात जमीन किती त्रासदायक आहे हे ठरवायला याच तऱ्हेची उंची वापरली जाते, आणि २००३ च्या सीडब्ल्यूए १४७४७ या युरोपीय कार्यशाळा-करारात डिटेक्टर तपासताना मातीचा विचार कसा करायचा ते लिहिलेले आहे. आम्हाला इतक्या काटेकोरपणाची गरज नव्हती, पण उंची लिहून ठेवल्याचा उपयोग झाला: जुळवणी बदलली की माती किती शांत झाली, हे कानाच्या भरवशावर न सोडता सेंटिमीटरमध्ये सांगता येऊ लागले.

यंत्राची जुळवणी

गटातल्या दुसऱ्या एकाची जवळजवळ तशीच पातळ अंगठी आम्ही चाचणीसाठी घेतली. ती पुरताना वरची माती खणली असती तर मोकळी झालेली माती वेगळा प्रतिसाद देते, म्हणून उताराच्या कडेने आडवा, अरुंद बोगदा करून अंगठी आत सरकवली आणि वरचा थर जसाच्या तसा राहू दिला. या एका गोष्टीवर अर्धा तास गेला आणि तो सत्कारणी लागला.

आदल्या दिवशीच्या मांडणीत हवेत तीच अंगठी वीस सेंटिमीटरवरून स्पष्ट वाजत होती. मातीत पाच सेंटिमीटरवर ती अजिबात कळेना. आदल्या दिवशीचे शोधक ते ऐकताना हेडफोन काढून कॉइलकडे पाहत राहिले. दिवसभर त्यांनी ज्या भरवशावर जमीन पायाखाली घातली होती, तो भरवसाच नव्हता.

मग क्रमाने बदल केले. एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतर पुरलेल्या अंगठीवरून कॉइल फिरवायची, एवढा नियम पाळला. छोटी कॉइल लावल्यावर बडबड निम्म्याने उतरली. डिस्क्रिमिनेशन काढून ऑल-मेटल, म्हणजे सगळे धातू ऐकवणारी मांडणी लावल्यावर माती पुन्हा ऐकू यायला लागली, पण त्यासोबत अंगठीही पहिल्यांदा ऐकू आली. अंगठीचा टार्गेट आयडी (वस्तू कोणत्या धातूची असावी ते सांगणारा अंक) लोखंडाच्या पट्ट्यात उड्या मारत होता आणि मधूनच पातळ पत्र्याच्या अंकावर जात होता. तीव्र खनिजात सोन्याचा लहान तुकडा लोखंडासारखा दिसतो, हे पुष्कळदा सांगितले जाते. इथे ते डोळ्यांसमोर घडत होते.

सेन्सिटिव्हिटी ९० वरून पाच-पाचने उतरवत नेली. ७० पर्यंत अंगठीचा आवाज तसाच राहिला आणि मातीचा आवाज घटत गेला. ६० ते ५५ मध्ये सर्वांत चांगले अंतर मिळाले, अंगठी नऊ सेंटिमीटरपर्यंत कळत होती. ४५ च्या खाली अंगठीही मावळायला लागली. ५५ वर थांबलो.

ग्राउंड बॅलन्ससाठी कॉइल तीन सेंटिमीटर ते पंधरा सेंटिमीटर अशी वरखाली करत राहिलो. या यंत्रावर कॉइल खाली येताना आवाज वाढत असेल तर अंक कमी करायचा आणि वर जाताना वाढत असेल तर वाढवायचा. इतर यंत्रांवर दिशा उलटी असू शकते, म्हणून आपल्या यंत्राची दिशा आधी पाहून घ्यावी. आवाज दोन्ही बाजूंनी सारखा झाला तेव्हा अंक ८६ होता. मी तो ८७ ठेवला, म्हणजे कॉइल खाली येताना अगदी पुसटसा आवाज यावा. बारीक सोन्यासाठी समतोल किंचित या बाजूला ठेवणे बरे, कारण दुसऱ्या बाजूला गेल्यास कमजोर सिग्नल मातीसोबतच गिळला जातो. ऑटोमॅटिक ट्रॅकिंग बंद ठेवले. ट्रॅकिंग जमिनीचा बदल पाहून समतोल सतत बदलत असते, आणि संशयास्पद जागेवर तुम्ही कॉइल पाच-सहा वेळा फिरवलीत की ते अंगठीलाच जमीन समजून वजा करू लागते.

शोध, आणि वाया गेलेला अर्धा दिवस

चौकोनावर मीटर-मीटरच्या पट्ट्या सुतळीने आखल्या. प्रत्येक पट्टी आधी लांबीच्या दिशेने आणि मग आडव्या दिशेने, निम्मा भाग पुन्हा येईल अशा बेताने पाहिली. आदल्या दिवशीचे बुजवलेले खड्डे आम्हाला फार छळत होते. खनिजयुक्त मातीत खणून परत भरलेली जागा आजूबाजूपेक्षा सैल असते, आणि कॉइल तिच्यावरून गेली की वस्तू नसतानाही आवाज उसळतो. चाळीस खड्डे म्हणजे चाळीस खोटे सिग्नल. प्रत्येक जागेवर लहान काडी रोवून आम्ही त्यांची यादी केली.

शेकोटीच्या जागेशी आलो तेव्हा यंत्र गरजायला लागले. सुमारे दोन मीटर व्यासाच्या त्या वर्तुळात कॉइल जमिनीजवळ नेली की आवाज अखंड वाढत जायचा. मी निर्णय घेतला की ही जागा वगळायची. माझा युक्तिवाद असा होता की बाई शेकोटीपासून दीड मीटरवर बसल्या होत्या, अंगठी हातमोज्यातून सुटून पडली असेल तर ती बसल्या जागेच्या आसपास असणार, आगीत असण्याचे कारण नाही. वर्तुळाला सुतळी बांधली आणि उरलेला चौकोन पूर्ण केला. दुपारी तीनपर्यंत खिळे, दोन झाकणे आणि सहा-सात दगड निघाले, अंगठी नाही.

दगडांबद्दल एक निरीक्षण नोंदवतो. छंदी लोक त्यांना गरम दगड म्हणतात. त्यांचा आवाज धातूसारखा तुटक नसतो, ओढल्यासारखा असतो, आणि कॉइल तीन-चार सेंटिमीटर वर घेतली की सरळ विरघळतो. पातळ धातूचा आवाज कमी झाला तरी त्याची धार राहते. दहा-बारा दगड ऐकल्यावर कानाला हा फरक कळायला लागतो.

तीन वाजता आम्ही सगळे बसून त्या संध्याकाळचा क्रम पुन्हा एकदा, मिनिटामिनिटाने सांगायला लागलो. त्यातच एक जण सहज म्हणाले, "जाताना मीच आग विझवली. पाणी कमी होते, म्हणून आमच्या बसायच्या जागेवरची दोन-चार फावडी माती ओढून वर टाकली." ही गोष्ट आधी कोणी सांगितली नव्हती, कारण ती कोणी विचारली नव्हती. बसायच्या जागेवरची वरची माती, आणि कदाचित तिच्यासोबत अंगठी, मी वगळलेल्या वर्तुळात गेली होती.

जळालेल्या वर्तुळाची वेगळी जुळवणी

आता ज्या जागेवर यंत्र ऐकूच शकत नाही तिथे ऐकायचे होते. वर्तुळाच्या मध्यभागी मोजणी केली तर अंक ७४ आला आणि पट्टी पूर्ण भरली. बाहेरच्या ८६ पासून हा अंक खाली आला होता, म्हणजे तापलेल्या मातीत उशिरा प्रतिसाद देणारा भाग वाढला होता. ८७ वर बांधलेला समतोल तिथे नेल्यावर कॉइल खाली येताना आवाज वाढणारच होता, आणि तसेच होत होते. सकाळी मी तो आवाज जमिनीचा दोष समजलो. तो माझ्या जुळवणीचा होता.

कडेला तर एका वितीत अंक ७४ वरून ८३ पर्यंत जात होता. इथे ट्रॅकिंग पुन्हा सुरू करावे असे गटातल्या दोघांनी सुचवले, आणि त्यात तथ्य होते, कारण इतक्या वेगाने बदलणाऱ्या जमिनीवर हाताने पाठलाग करणे कष्टाचे असते. पण शोधायची वस्तू इतकी कमजोर होती की ट्रॅकिंगने ती गिळण्याची भीती मला जास्त वाटली. आम्ही वर्तुळाचे आठ फाके केले आणि प्रत्येक फाक्यात बाहेरचा आणि आतला असे दोन भाग पाडले. प्रत्येक भागात समतोल नव्याने करायचा, तेवढाच भाग पाहायचा, अंक वहीत लिहायचा आणि पुढे जायचे.

सेन्सिटिव्हिटी ५५ वरून ४५ केली. कॉइलची उंची हाताच्या हालचालीने कमी-जास्त होऊ नये म्हणून एक पातळ प्लायवूडची फळी, खिळे नाहीत याची खात्री करून, जमिनीवर टेकवली आणि कॉइल तिच्यावरून सरकवली. साध्या मातीत एखाद्या सेंटिमीटरचा चढउतार यंत्र सहन करते. इथे तेवढ्या चढउतारानेही माती ओरडत होती. फळी ठेवल्यावर ती ओरड एका सपाट, सारख्या गुणगुणीत बदलली, आणि गुणगुण सारखी असली की तिच्यातला वेगळा सूर ओळखता येतो.

निष्पत्ती

पाचव्या फाक्यात, वर्तुळाच्या कडेपासून आत साधारण वीस सेंटिमीटरवर, गुणगुणीवर एक बारीक टोचा आला. पुन्हा फिरवले, पुन्हा त्याच जागी. आडव्या दिशेने फिरवले, तिथेही तो होता. कॉइल दोन सेंटिमीटर उचलली तर तो मंदावला पण ओढला गेला नाही. टार्गेट आयडी पूर्ण वेळ लोखंड सांगत होता. आदल्या दिवशीच्या मांडणीत हा आवाज आलाच नसता, आणि आला असता तरी कोणी खणले नसते.

पिनपॉइंटर, म्हणजे वस्तूची नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा शोधक, जमिनीला टेकवून पुन्हा सुरू केला, म्हणजे त्याने मातीला शून्य धरावे, आणि हाताने माती बाजूला केली. वर राखेत मिसळलेली सैल माती, तिच्याखाली ओलसर काळी माती. सात सेंटिमीटरवर अंगठी उभी, कडेवर टेकून होती. कडे उभे असले की कॉइलचे क्षेत्र त्याच्यातून कमी जाते आणि सिग्नल आडव्या कड्यापेक्षा कमजोर येतो, म्हणून तो टोचा इतका बारीक होता. ती राखेने मळली होती, पण वाकलेली किंवा वितळलेली नव्हती. माती पडेपर्यंत आग विझत आलेली असावी.

बाईंच्या हातात अंगठी देण्याआधी मी त्यांची परवानगी घेऊन ती परत त्याच खोलीवर ठेवली आणि पहिल्या दिवसाची मांडणी जशीच्या तशी लावली: मोठी कॉइल, ९०, डिस्क्रिमिनेशन, ट्रॅकिंग. यंत्र पूर्ण शांत राहिले. पहिले शोधक म्हणाले की या जागेवरून आपण दोनदा गेलो होतो.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

या प्रकरणातला सर्वांत महागडा निर्णय माझा होता, वर्तुळ वगळण्याचा. तो यंत्राच्या अडचणीतून आला आणि मी त्याला अंगठी तिथे नसण्याचे कारण जोडले. दोन्ही गोष्टी वेगळ्या होत्या. जिथे यंत्र ऐकत नाही ती जागा शोधली गेली, असे धरता येत नाही. ती जागा "न पाहिलेली" अशी वहीत लिहून ठेवायला हवी होती, आणि मी तशी नोंद केली असती तर दुपारी तीनऐवजी सकाळी दहाला तिथे परतलो असतो.

दुसरे, मोजणी मी चौकोनाबाहेर केली, कारण तिथे धातू नाही याची खात्री होती. समतोलासाठी स्वच्छ जागा लागतेच, पण शोधायच्या जागेत निदान पाच-सहा ठिकाणी अंक पाहून घेतला असता तर ७४ आणि ८६ यांतला फरक जुळवणीच्या आधीच समोर आला असता. अशी पाहणी पंधरा मिनिटांत होते.

तिसरे, पहिल्या दिवशी खणण्याआधी जागेचा नकाशा करून प्रत्येक सिग्नलची जागा आणि स्वभाव लिहिला असता तर चाळीस सैल जागा तयार झाल्या नसत्या. साध्या जमिनीत आधी खणून मग पाहण्याची सवय फारशी नडत नाही. खनिजयुक्त जमिनीत प्रत्येक खड्डा पुढच्या शोधाला त्रास देतो.

चौथे, माती चाळण्याचा पर्याय आम्ही संपूर्ण चौकोनाच्या हिशोबाने नाकारला. दोन मीटर व्यासाच्या वर्तुळावरची आठ सेंटिमीटर माती म्हणजे घनमीटरचा जेमतेम पाव भाग. दोन माणसांनी ती एका दुपारी चाळली असती, आणि मालकांच्या अटींत तो भाग बसत होता. फावड्याची गोष्ट कळल्यावर तरी मी हा पर्याय पुन्हा समोर ठेवायला हवा होता. यंत्राने अंगठी मिळाली म्हणून यंत्राचा मार्ग योग्य होता असे मी म्हणणार नाही. पाचव्या फाक्यात ती सापडली नसती तर मी आठही फाके दुसऱ्यांदा पाहिले असते, आणि तेवढ्या वेळात ते वर्तुळ चाळून झाले असते.

पाचवे, विचारपूस. "अंगठी कुठे पडली असेल?" हा प्रश्न सगळ्यांना विचारला गेला. "त्यानंतर या जमिनीवर कोणी काय केले?" हा प्रश्न कोणालाच विचारला गेला नाही. आता मी शोधाला जाताना हा दुसरा प्रश्न यंत्र पिशवीतून काढण्याआधी विचारतो, आणि प्रत्येकाला वेगळा विचारतो, कारण फावडे चालवणाऱ्याला आपण काही विशेष केले असे वाटतच नाही.